श्रावणात तरोटा, पौषात जाळरेषा

यवतमाळकडच्या एका मुलीने विचारलं आहे. वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालंय, सफारीत गाइड व्हायचं नाही, प्रयोगशाळेतही बसायचं नाही. सरकारी जंगलात वन्यप्राण्यांच्या अधिवासाचं काम स्वतःच्या हाताने करायचं आहे. हे काम रोज नेमकं काय असतं, शिकलेल्या वनस्पतीशास्त्राचा त्यात उपयोग होतो का आणि शिरायचं कुठून, असे तीन प्रश्न आहेत.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. मधली तीसेक वर्षं मेळघाटात आणि चंद्रपूरकडे गेली. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबेल, तिसऱ्याचं थोडक्यात आटोपेल.

आधी एक सांगतो. हे काम वाघासाठी होतं असं कागदावर लिहिलेलं असतं, पण हात लागतात ते गवताला, मातीला, दगडाला आणि पाण्याला. वाघाचं पोट चितळ-सांबरावर आणि चितळाचं पोट गवतावर, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. गवत कुठलं, ते कधी कोवळं असतं, कधी कुसळ धरतं आणि त्याच्या जागी दुसरं काही उगवलं तर काय करायचं, हे मात्र पुस्तकात वाचून येत नाही. त्यासाठी दोन-तीन पावसाळे एकाच जागी काढावे लागतात.

मेळघाटचंच घ्या. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला हा एक. पुढे प्रकल्पाच्या आतली काही गावं बाहेर जाऊन वसली. आधी बोरी, कोहा, कुंड, नंतर वैराट, चुर्णी आणि आणखी काही. ताडोब्यातही नवेगाव, जामणी अशी गावं उठली. आज जामणीच्या कुरणावर चितळांचे कळप बघायला पर्यटक गाड्या थांबवतात. त्या जागी काही वर्षांपूर्वी शेती होती, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतं.

शेताचं कुरण आपोआप होत नाही. नांगर थांबला की पहिल्या पावसाळ्यात सगळं शिवार हिरवंगार दिसतं आणि पाहणीला आलेले पाहुणे म्हणतात, वा, काय कुरण झालंय! जवळ जाऊन बघा, तो सगळा तरोटा असतो. पश्चिम महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात. आषाढात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण आवडीने खातो, पण चितळ तोंड लावत नाही. त्याच्या जोडीला रानतुळस येते, पुरुषभर उंच वाढते आणि वासामुळे तिलाही कोणी खात नाही. गाजर गवत वेगळंच. ही तिन्ही माजली की खालच्या गवताला ऊन मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांत चरायला काही उरत नाही.

उपाय एकच, उपटायचं. पण कधी उपटायचं, यावर सगळा खेळ आहे. तरोटा फुलावर येण्याआधी, म्हणजे साधारण श्रावणात, जमीन ओली असताना मुळासकट काढला तर त्या वर्षीचं बी पडत नाही. आधीच्या वर्षांचं बी जमिनीत असतंच, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं हेच करावं लागतं, पण दरवर्षी काम हलकं होत जातं. तीन आठवडे उशीर झाला तर शेंगा भरतात. मग तुम्ही कितीही मजूर लावा.

हे मला एका बाईने शिकवलं. पहिल्याच वर्षी आम्हाला खर्चाची मंजुरी उशिरा मिळाली आणि काम दसऱ्याच्या सुमारास सुरू झालं. वीसेक मजूर, हजेरीपटावर रीतसर नोंद, मी शिट्टी घेऊन उभा. उपटलेला तरोटा आम्ही प्लॉटच्या कडेला ढीग करून टाकत होतो. त्यातली एक वयस्क बाई, त्याच उठलेल्या गावची, थोडा वेळ बघत राहिली. मग एक झाड उचलून माझ्यासमोर झटकलं. तडतड करून बारीक तपकिरी बी माझ्या बुटांवर पडलं. म्हणाली, "गार्डसाहेब, तुम्ही निंदून नाही राहिले, पेरून राहिले."

बायका हसल्या. मी पण हसलो, पण कान तापले होते. तिने त्या मातीत चाळीस वर्षं निंदण केलं होतं आणि मी प्रशिक्षणाची वही घेऊन आलो होतो. त्या दिवसापासून कामाचा आराखडा करताना मी आधी मजुरांना घेऊन प्लॉटमध्ये एक चक्कर मारायला लागलो. पुढच्या वर्षी मंजुरीची वाट बघत बसलो नाही. आहे त्या चार रोजंदारी मजुरांना आणि दोन वनरक्षकांना घेऊन नागपंचमीच्या आसपास सुरुवात केली. सगळा प्लॉट झाला नाही, पण जो झाला तो नीट झाला. पैसा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो आणि तण पावसाच्या हिशेबाने, ही ओढाताण तुम्हाला नोकरीभर पुरेल.

आता तुमच्या वनस्पतीशास्त्राकडे येतो. तण काढलं की जागा रिकामी होते आणि तिथे काय येईल हे पाहायला गवत ओळखता यावं लागतं. तेही फुलोरा नसताना, नुसत्या पानावरून. मारवेल, पवन्या, शेडा ही बारमाही आणि जनावरांना आवडणारी गवतं. कुसळ नावाचं गवत कोवळं असताना खातात, बी धरलं की त्याची टोकं तोंडात आणि कातडीत रुततात म्हणून टाळतात. तिखाडी वासाची, तिला सहसा कोणी हात लावत नाही. कुंदा काळ्या जमिनीत शिरला की हटत नाही. आमच्या भागात हे सगळं शिकवलं ते अमरावती जिल्ह्यातले गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी. त्यांनी वनरक्षकांना शिवारात उभं करून गवतं ओळखायला लावली. तोवर आमच्या नोंदवहीत 'गवत' हा एकच शब्द असायचा.

चांगलं गवत जवळपास असेल तर ते हळूहळू स्वतः सरकत येतं. नसेल तर आणावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे बी पिकतं, पण सगळ्या कणसांवर एकदम नाही. वरचं बी गळून जातं तेव्हा खालचं हिरवंच असतं. म्हणून एकाच पट्ट्यात दोन-तीनदा जाऊन हाताने ओरबाडून गोळा करायचं, सावलीत वाळवायचं आणि कापडी पिशवीत टांगून ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरलं तर घाम येऊन बुरशी धरते. एकदा आमची दोन पोती अशीच गेली. ताजं बी लगेच टाकलं तर फारसं उगवत नाही, ते काही महिने झोपलेलं असतं. पुढच्या मृगात टाकलं की येतं. त्याहून भरवशाचं म्हणजे ठोंब लावणं. आषाढात मारवेलीचा जुना ठोंब खणायचा, त्याच्या मूठ-मूठभर फुटी करायच्या आणि हात-दीड हात अंतरावर लावायच्या. धानाची रोवणी केलेल्या बायकांना हे सांगावंच लागत नाही.

आणि पहिली दोन वर्षं चितळांनाच थोडं आवरावं लागतं. नवी फूट निघाली रे निघाली की सगळा कळप तिथेच. काटेरी फांद्यांचं कुंपण घालून पट्ट्यापट्ट्याने जागा मोकळी करत जायची. त्यानंतर उलट चूक होते. गवत इतकं उंच वाढतं की चितळ आत शिरत नाही, कारण उंच गवतात कोण दबा धरून बसलंय हे त्याला दिसत नाही. मग पट्टे कापायचे, पण सगळे नाही. एक पट्टा कापला तर शेजारचा उभा ठेवायचा. त्यात ससे, लावे, तित्तिर आणि हरणांची लहान पिल्लं लपतात. गालिच्यासारखं सपाट कापलेलं कुरण फोटोत छान दिसतं म्हणून साहेबांना आवडतं. मला कधीच आवडलं नाही.

उठलेल्या गावात आणखी एक काम असतं, त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. विहिरी. गाव गेलं की विहिरीवर ये-जा थांबते, कठडा ढासळतो, भोवती झुडपं वाढतात आणि रात्री पाण्याच्या वासाने आलेलं जनावर आत पडतं. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, अशी एक रानगव्याची मादी सापडली होती. ती पडून किती दिवस झाले होते ते वासावरूनच कळलं. त्यामुळे गावठाण ताब्यात आलं की आधी विहिरी मोजा. एकतर बुजवा, नाहीतर पक्का उंच कठडा आणि वर जाळी. मग तारांची भेंडोळी, फुटक्या काचा, पत्रे, खतांच्या पिशव्या उचला. चिंच, आंबा, बोर ठेवा. शेतांचे बांधही ठेवा, पाणी मुरवतात. पळस आणि साग यांची रोपं मात्र दरवर्षी उपटा, नाहीतर दहा वर्षांत कुरणाचं पुन्हा झुडपी जंगल होतं. झाड उपटणारा वनरक्षक लोकांना वेडा वाटतो. सोलापूरजवळ नान्नजला जा. ते १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालेल्या अभयारण्यातलं माळरान आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून तिथे गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. माळढोकाला लांबवर नजर जाईल असं मोकळं माळरान लागतं, त्याच्यासाठी ती झाडं म्हणजे अडथळाच.

घाणेरीचं वेगळं. आमच्याकडे रायमुनिया म्हणतात. ती वरून छाटली की दुप्पट फुटते. छाटणीवर मजुरी लावणं म्हणजे पैसे देऊन घाणेरी वाढवणं. जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं वर आणि वाळून जातात. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी परत जाऊन बियांची रोपं उपटायची, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मोकळ्या जागेत लगेच गवत आणलं नाही तर दुसरं तण बसतं. नाल्याकाठची सगळी घाणेरी एका हंगामात साफ करू नका, असंही मी सांगत आलो. उन्हाळ्याच्या दुपारी अस्वल, डुक्कर आणि कधी वाघसुद्धा त्याच गर्दीत बसतो. दुसरी सावली तयार होईपर्यंत त्यांना उघड्यावर काढू नये. यावर माझं वरिष्ठांशी पटलं नाही आणि आजही पटणार नाही.

पौष लागला की जाळरेषा, म्हणजे उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळ्या रेषा जाळून मोकळ्या व्हायला हव्यात. ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी कापून स्वच्छ करायच्या, मधलं गवत वाळू द्यायचं आणि हवेत दव असताना, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचं. दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेतलेले लोक. आता पानं उडवणारे ब्लोअर आले आहेत, त्याने काम फार सोपं झालं. पण फांदी सोडू नका, ब्लोअरचं पेट्रोल नेमकं डोंगरावर संपतं.

माझ्या हातून एकदा आग सुटली. रेषा नीट जळली होती, संध्याकाळी सगळे परतलो. रेषेत सालईचं एक पडलेलं खोड होतं, आतून पोकळ. वरून विझलेलं दिसलं म्हणून मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि खोडातून ठिणगी उडाली. धूर दिसला तेव्हा मी दोन डोंगर पलीकडे होतो. रात्री दहापर्यंत विझवत होतो, पायाला फोड आले. जळालेल्या क्षेत्राचा पंचनामा मलाच लिहावा लागला आणि कारणाच्या रकान्यात मी 'वनरक्षकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. तेव्हापासून जाळलेल्या रेषेतलं प्रत्येक खोड मी उलटं करून, खाली हात लावून बघायचो. हात लावून, डोळ्यांनी नाही.

उन्हाळ्यातल्या बहुतेक आगी अशा चुकून लागत नाहीत. मोहफुलं वेचायला झाडाखाली जागा साफ हवी म्हणून पाला पेटवतात, विडीची पानं देणाऱ्या तेंदूला चांगली फूट यावी म्हणून पेटवतात. उपग्रहावरून आगीचा संदेश आता थेट मोबाइलवर येतो, ती फार मोठी सोय आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो. चैत्रात पहाटे मोहाखाली कोण जातं, हे बीटच्या वनरक्षकाला ठाऊक असलं तर आग लागायच्या आधी बोलता येतं. मी दोन वर्षं खराटे वाटले आणि सकाळी स्वतः दोन-चार झाडांखाली झाडलं. आगी थांबल्या म्हणणार नाही, पण आग लागली की फोन पहिला त्याच लोकांचा यायला लागला.

पाण्याचं थोडक्यात. टँकरने भरलेल्या सिमेंटच्या टाक्या ही शेवटची पायरी. आधी नाल्याच्या वाळूत झिरे उकरा, डोहातला गाळ काढा, वरच्या अंगाला अनगड दगडांचे बांध घाला. पाणवठा बांधायचाच तर एक बाजू उतरती ठेवा, म्हणजे पडलेलं पिल्लू वर येईल. खोल, गुळगुळीत भिंतींची टाकी म्हणजे सापळा. आणि रोज सकाळी पाण्याकडे बघताना आधी काठावर मेलेले बेडूक, मासे, माश्या आहेत का ते बघा. युरिया किंवा कीटकनाशक टाकून शिकार करणारे उन्हाळ्यातच येतात. दर कोसावर पाणवठा करायचा मोहही टाळा. सगळे कळप वर्षभर तिथेच थांबतात आणि भोवतालचं गवत खलास होतं.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २९. अभयारण्यातून काही काढायचं तर ते वन्यजीवांच्या भल्यासाठीच हवं, आणि काढलेला माल भोवतालच्या लोकांच्या घरगुती गरजेला देता येतो, विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने तर अभयारण्यातलं आणि राष्ट्रीय उद्यानातलं वाळलेलं, पडलेलं झाड आणि गवत उचलण्यावरही निर्बंध आले. म्हणून आपल्या मनाने चांगलं काम म्हणून विळा घेऊन आत शिरायचं नाही. आराखड्यात काम मंजूर हवं.

शिरायचं कुठून? वनरक्षकाची भरती बारावीवर होते, धावणं आहे आणि शेवटी चार तासांत चालायचं अंतर आहे, पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १६. वनपरिक्षेत्र अधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोग. माझं मत विचाराल तर हाताचं काम वनरक्षकाकडे जास्त, सही करायचं काम अधिकाऱ्याकडे जास्त. पदवी आहे म्हणून वनरक्षक होणं कमीपणाचं समजू नका, माझ्या हाताखाली एम.एस्सी. झालेल्या दोन मुली होत्या आणि बीट त्यांची सगळ्यात नीट होती. व्याघ्र प्रकल्पांमध्ये कंत्राटी जीवशास्त्रज्ञही घेतात. पगार मोठा नाही आणि करार दरवर्षी नव्याने. पण एक मीटरची चौकट टाकून गवत मोजणं, ठरलेल्या दगडावरून दरवर्षी त्याच तारखेला फोटो काढणं, लेंड्यांची मोजणी, हे काम तुमच्या शिक्षणाचं आहे. वनरक्षकाला त्यासाठी वेळ मिळत नाही, आणि त्याशिवाय आपण केलेलं लागू पडलं की नाही हे कळत नाही.

आणि सरकारी जंगल म्हणजे फक्त वनखातं नव्हे. वनहक्क कायद्याने ग्रामसभांकडेही जंगल आलं आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा, चंद्रपुरात पाचगाव, आणि मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. पायविहीरच्या लोकांनी उजाड डोंगर राखून पुन्हा उभा केला. पाचगावने तेंदू तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी आग आणि फांद्यांची छाटणी होते, आणि उत्पन्न बांबूवर घेतलं. अशा गावात एक पावसाळा राहायला मिळाला तर भरतीची वाट बघण्यात वर्ष फुकट जाणार नाही.

आता श्रावण जवळ आलाय. तुमच्या जवळच्या परिक्षेत्राला किंवा ग्रामसभेला तण काढायला माणसं लागत असतील तर लेखी विचारा आणि परवानगी घेऊन जा. जाताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि स्वतःचा विळा न्या. तिथले विळे बोथट असतात, आणि धार लावायचा दगड नेहमी दुसऱ्याच कॅम्पवर राहिलेला असतो.